चीनमधील परदेशी इंग्रजी शिक्षक : नोकरी आहे, पुढचा रस्ता कोणता?

चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या परदेशी तरुणाचे पहिले वर्ष बहुधा सुखाचे जाते. स्थानिक सहकाऱ्यापेक्षा बरेच अधिक वेतन, राहण्याची सोय किंवा घरभाडे भत्ता, मायदेशी जाण्या-येण्याचे विमानभाडे आणि आठवड्याला वीस-पंचवीस तासिका एवढे त्याच्या पदरात पडते. अडचण दहाव्या वर्षाच्या आसपास जाणवू लागते. पस्तिशीत पोहोचलेल्या याच शिक्षकाचे पद तेच असते, वेतन फारसे वाढलेले नसते, निवृत्तीसाठी काही साचलेले नसते आणि त्या देशात राहण्याचा त्याचा हक्क ठरावीक काळाने नव्याने मागाव्या लागणाऱ्या एका परवान्यावर अवलंबून असतो. गेल्या काही वर्षांत चीनचे शैक्षणिक धोरण, लोकसंख्येची रचना आणि परदेशी कामगारांविषयीचे नियम हे तिन्ही बदलले. त्यामुळे केवळ ‘इंग्रजी ही मातृभाषा’ या एका पात्रतेवर तेथे दीर्घकाळ टिकणे उत्तरोत्तर कठीण होत चालले आहे.

परदेशी भाषाशिक्षक ही चीनला नवी गोष्ट नाही. किंग राजवटीने १८६२ मध्ये पेकिंग येथे ‘तोंगवेन क्वान’ ही अनुवादकांची शाळा स्थापन केली, तेव्हा तेथील पहिले शिक्षक परदेशीच होते. आजच्या मागणीची मुळे मात्र १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांत आहेत. विद्यापीठ प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, म्हणजे ‘गाओकाओ’, १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि पुढे तिच्यात परकीय भाषेला चिनी भाषा व गणिताच्या बरोबरीचे स्थान मिळाले. आजही बहुतेक प्रांतांत या परीक्षेच्या ७५० गुणांपैकी १५० गुण परकीय भाषेचे असून बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजीच निवडतात. २००१ हे वर्ष विशेष महत्त्वाचे ठरले. चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला, बीजिंगला २००८ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मिळाले आणि प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी शिकविण्याचे धोरण त्याच वर्षी जाहीर झाले. पालकांनी त्याचा अर्थ अचूक ओळखला. शाळेत तिसरीपासून इंग्रजी, तर शिकवणीत बालवाडीपासून!

खासगी शिकवणी संस्थांचा अवाढव्य व्यवसाय याच काळात उभा राहिला. यू मिनहोंग यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली ‘न्यू ओरिएंटल’ २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हीआयपीकिड’ने तर शिक्षकाला चीनमध्ये आणण्याची गरजच संपविली. अमेरिका आणि कॅनडातील हजारो जण घरबसल्या चिनी मुलांना ऑनलाइन शिकवू लागले. प्रत्यक्ष चीनमध्ये राहणाऱ्यांसाठीही ही भरभराटीची वर्षे होती. अमुक पदवी असलीच पाहिजे असा आग्रह नव्हता आणि कित्येक ठिकाणी कागदपत्रांकडे डोळेझाक होत असे. शिक्षण क्षेत्रात सुमारे चार लाख परदेशी नागरिक काम करीत असून त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश नियमानुसार पात्र आहेत, अशी वृत्ते २०१७-१८ च्या सुमारास चिनी माध्यमांतूनच येत होती. परदेशी चेहरा ही शिकवणीच्या जाहिरातीची सामग्री होती. हे काहीसे कठोर वाटेल. पण पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही बाब ध्यानात घ्यावी लागते. ज्याची किंमत चेहऱ्यावर ठरते, त्याच्या अनुभवाची किंमत वाढत नाही.

जुलै २०२१ चा घाव

२४ जुलै २०२१ रोजी चिनी कम्युनिस्ट पक्षाची केंद्रीय समिती आणि मंत्रिमंडळ यांच्या सामान्य कार्यालयांनी संयुक्त आदेश जाहीर केला. गृहपाठाचा आणि शिकवणीचा असा दुहेरी भार कमी करणे हा त्याचा घोषित हेतू असल्याने तो ‘दुहेरी कपात’ या नावाने ओळखला जातो. सक्तीच्या शिक्षणातील विषयांच्या शिकवण्या नफ्यासाठी चालविण्यास बंदी आली. नव्या संस्थांना परवाने देणे थांबले आणि असलेल्या संस्थांना ना-नफा म्हणून नोंदणी करण्यास सांगण्यात आले. शनिवार-रविवारी, सणांच्या सुट्ट्यांत आणि हिवाळी-उन्हाळी सुट्टीत असे वर्ग घेता येणार नाहीत, असे ठरले. शिकवणीचा व्यवसाय ज्या दिवसांवर चालत असे, नेमके तेच दिवस गेले. परदेशात राहणाऱ्या शिक्षकांकडून प्रशिक्षण देण्यास याच आदेशाने मनाई केली, तसेच शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी परकीय भाषेसह विषयवार शिकवण्या घेण्यासही.

परिणाम काही आठवड्यांतच दिसले. ‘व्हीआयपीकिड’ने ऑगस्टमध्ये परदेशस्थ शिक्षकांचे नवे वर्ग चीनमध्ये विकणे थांबविले. प्रौढांना इंग्रजी शिकविणाऱ्या ‘वॉल स्ट्रीट इंग्लिश’चा चीनमधील कारभारही त्याच महिन्यात कोलमडला. प्रौढांच्या शिकवण्यांना हा आदेश लागू नव्हता. पण महामारीत खिळखिळी झालेली बाजारपेठ आणि गुंतवणूकदारांचा उडालेला विश्वास यांपुढे त्या सवलतीचा उपयोग झाला नाही. यू मिनहोंग यांनी जानेवारी २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितले, की ‘न्यू ओरिएंटल’ने ६० हजार कर्मचारी कमी केले असून कंपनीचे उत्पन्न ८० टक्क्यांनी घटले आहे. पुढे हीच कंपनी थेट प्रक्षेपणातून शेतमाल विकू लागली. तिच्या एका इंग्रजी शिक्षकाने, डोंग युहुई यांनी, जून २०२२ मध्ये दोन भाषांतून माल विकत देशभर नाव कमावले. चिनी शिक्षकाला असा पर्याय तरी सापडला. परदेशी शिक्षकाच्या कार्यपरवान्यावर मालकाचे आणि कामाचे नाव लिहिलेले असते. संस्था बंद पडली की त्याच्यापुढे दुसरी संस्था शोधणे किंवा देश सोडणे एवढेच मार्ग उरतात.

त्याआधीच मार्च २०२० मध्ये चीनने परदेशी नागरिकांसाठी सीमा बंद केल्या होत्या आणि प्रवाशांवरील विलगीकरणाची सक्ती ८ जानेवारी २०२३ पर्यंत उठली नाही. सुट्टीसाठी मायदेशी गेलेले कित्येक शिक्षक परतूच शकले नाहीत, तर अनेकांनी या काळात कायमचा निरोप घेतला. २०२० च्या जनगणनेत मुख्य भूमीवर सुमारे ८ लाख ४५ हजार परदेशी नागरिक नोंदले गेले. १४० कोटींच्या देशात ही संख्या नगण्यच म्हणावी लागेल.

इंग्रजीचे स्थानही पूर्वीचे राहिलेले नाही. शांघायने २०२१ मध्ये प्राथमिक शाळांतील इंग्रजीची सत्रान्त परीक्षा बंद केली. सक्तीच्या शिक्षणासाठी २०२२ मध्ये आलेल्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात परकीय भाषेला एकूण तासिकांपैकी ६ ते ८ टक्के, तर शारीरिक शिक्षण व आरोग्याला १० ते ११ टक्के वाटा आहे. शियान जियाओतोंग विद्यापीठाने २०२३ मध्ये पदवीसाठी असलेली इंग्रजी चाचणीची अट काढून टाकली. यावरून चीन इंग्रजी सोडून देत आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण गाओकाओमधील १५० गुण कायम आहेत आणि इंग्रजीला मुख्य विषयांतून वगळण्याची सूचना शिक्षण मंत्रालयाने मान्य केलेली नाही. मात्र परीक्षेपुरते इंग्रजी शिकविण्यासाठी परदेशी शिक्षक लागत नाही. ते काम चिनी शिक्षक अधिक चांगले आणि बऱ्याच कमी खर्चात करतात.

मुलेच कमी होत आहेत

धोरणे बदलतात, कधी सैलही होतात. जन्मदराचे तसे नाही. चीनमध्ये २०१६ मध्ये सुमारे १ कोटी ७८ लाख मुले जन्मली होती; २०२३ मध्ये ही संख्या ९० लाख २० हजारांवर आली. २०२४ मध्ये, शुभ मानल्या जाणाऱ्या ड्रॅगन वर्षात, ती ९५ लाख ४० हजारांपर्यंत किंचित वाढली. २०२३ मध्ये जन्मलेले मूल २०२६ मध्ये बालवाडीच्या आणि २०२९ मध्ये पहिलीच्या वयाचे होते. म्हणजे येत्या दशकात वर्गात किती मुले असतील याचा हिशेब आजच मांडता येतो. बालवाड्यांची संख्या २०२३ मध्ये सुमारे २ लाख ७४ हजार होती आणि वर्षभरात तीत जवळपास १५ हजारांची घट झाली होती. २०२४ मध्ये आणखी २१ हजार बालवाड्या कमी झाल्या. नवख्या परदेशी शिक्षकाला पहिली नोकरी देणारे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे खासगी बालवाडी. ओहोटी तिथूनच सुरू झाली आहे. माध्यमिक शाळांना ती पोहोचायला अवधी आहे. तथापि आज पंचविशीत असलेल्या शिक्षकाच्या कारकिर्दीत ती निश्चितच पोहोचेल.

परवाना, निवृत्तिवेतन आणि वास्तव्याचा हक्क

परदेशी नागरिकांसाठीची एकत्रित कार्यपरवाना पद्धत १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू आहे. तीत अर्जदारांचे अ, ब आणि क असे तीन वर्ग पाडले जातात. इंग्रजी शिक्षक बहुधा ‘ब’ वर्गात येतात. त्यासाठी पदवी, स्वच्छ पोलीस अहवाल, वैद्यकीय तपासणी आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो. शिक्षणशास्त्राची पदवी, शिक्षक परवाना किंवा भाषाशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असल्यास अनुभवाची अट शिथिल होते. भाषाशिक्षकाने आपली मातृभाषाच शिकवावी आणि ती ज्या देशाची भाषा आहे तेथूनच पदवी घेतलेली असावी, अशीही अट आहे. व्यवहारात ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांच्या नागरिकांनाच ही नोकरी मिळते. ‘ब’ वर्गाला सर्वसाधारणपणे वयाच्या साठीची मर्यादा आहे. गुणांकन पद्धतीतही वयाचे सर्वाधिक गुण २६ ते ४५ या टप्प्याला मिळतात व पुढे ते घटत जातात.

या परवान्याची खरी मेख नोकरी बदलताना कळते. जुन्या संस्थेने सेवामुक्तीचे पत्र देऊन परवाना रद्द केल्याशिवाय नवी संस्था तो सहजासहजी मिळवू शकत नाही. पत्र अडवून धरणे हे वादाच्या वेळी संस्थांच्या हातातील प्रभावी हत्यार असते. परदेशी नागरिकांच्या नोकरीविषयीच्या १९९६ च्या नियमांनुसार त्यांचा करार एका वेळी पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असू शकत नाही. प्रत्यक्षात तो बहुतेक ठिकाणी एक-दोन वर्षांचाच असतो. चिनी कर्मचाऱ्याला दीर्घ सेवेनंतर मुदतविरहित कराराची मागणी करता येते. परदेशी शिक्षकाच्या बाबतीत परवान्याचीच मुदत आडवी येते.

निवृत्तिवेतनाचा विचार तिशीच्या आत कुणी करीत नाही, म्हणून या विषयाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. ऑक्टोबर २०११ पासून परदेशी कर्मचारीही चीनच्या सामाजिक विमा योजनेत समाविष्ट आहेत. निवृत्तिवेतनासाठी किमान १५ वर्षांचा भरणा लागतो आणि २०३० पासून ही अट टप्प्याटप्प्याने २० वर्षांपर्यंत वाढणार आहे. देश कायमचा सोडताना स्वतःच्या हिश्शाची जमा रक्कम परत मिळते. मालकाचा हिस्सा मिळत नाही. काही संस्था मूळ वेतन कागदावर कमी दाखवून उरलेली रक्कम भत्ते म्हणून देतात. त्यामुळे हाती येणारा पैसा वाढतो, परंतु भरणा घटतो. दरम्यान मायदेशातील निवृत्तिवेतन योजनेतही खंड पडलेला असतो. स्वतः वेगळी गुंतवणूक न करणाऱ्या शिक्षकाला चाळिशीत कळते, की दोन्ही देशांच्या वहीत त्याचे पान कोरे आहे.

कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना हा यावरचा उपाय. पण सामान्य भाषाशिक्षकाच्या आवाक्यात तो क्वचितच असतो. २००४ च्या नियमांनुसार सहयोगी प्राध्यापक किंवा त्यावरील पदावर सलग चार वर्षे काम केलेल्यांना अर्ज करता येतो. काही शहरांत स्थानिक सरासरी वेतनाच्या सहापट कमाई करणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. उरतो तो विवाहाचा मार्ग. चिनी नागरिकाशी विवाहाला पाच वर्षे झालेली असावीत आणि सलग पाच वर्षे, दरवर्षी किमान नऊ महिने, चीनमध्ये वास्तव्य असावे लागते. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. कुटुंबासोबत राहण्याचा व्हिसा असला तरी त्यावर नोकरी करता येत नाही. दोन मुलांचा बाप असलेल्या परदेशी शिक्षकालाही कार्यपरवाना वेगळा काढावा लागतो. चीनला दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्याने मुलांच्या पारपत्राचा पेच आणखी निराळा.

टिकणारे कोण?

तरीही पंधरा-वीस वर्षे चीनमध्ये राहिलेले, समाधानाने काम करणारे परदेशी शिक्षक आहेत. त्यांची वाटचाल पाहिली तर बहुतेकांनी कधीतरी दोन-तीन वर्षे आणि बरेच पैसे खर्चून पुन्हा शिक्षण घेतल्याचे आढळते.

सर्वांत रुळलेली वाट मायदेशाच्या शिक्षक परवान्याची आहे. ब्रिटनची पदव्युत्तर शिक्षणशास्त्र पदविका व पात्र शिक्षकाचा दर्जा किंवा अमेरिकेतील एखाद्या राज्याचा परवाना मिळाला, की आंतरराष्ट्रीय आणि द्विभाषिक शाळांचे दरवाजे उघडतात. शिकवणी केंद्रात महिना साधारण १५ ते २५ हजार युआन मिळत असतील, तर अशा शाळांत २५ ते ४० हजार किंवा त्याहूनही अधिक मिळू शकतात. एक युआन म्हणजे सध्या सुमारे बारा-तेरा रुपये. शिवाय वैद्यकीय विमा आणि मुलांचे मोफत किंवा सवलतीतील शिक्षण मिळते. कुटुंब असलेल्यासाठी हा लाभ वेतनाइतकाच मोलाचा ठरतो. विभागप्रमुख, समन्वयक, उपमुख्याध्यापक ही पदांची शिडीही येथेच आहे. मुख्य म्हणजे हा अनुभव दुबई, सिंगापूर किंवा मायदेशातील शाळेतही ग्राह्य धरला जातो. शिकवणी केंद्रातील वर्षांना तशी किंमत क्वचितच मिळते.

अर्थात या शाळाही धोरणाच्या कक्षेबाहेर नाहीत. केवळ परदेशी नागरिकांच्या मुलांसाठीच्या शाळा, चिनी मुलांना घेणाऱ्या खासगी द्विभाषिक शाळा आणि सरकारी उच्च माध्यमिक शाळांचे आंतरराष्ट्रीय विभाग असे त्यांचे तीन ढोबळ प्रकार आहेत. खासगी शिक्षणाविषयीचे सुधारित नियम १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाल्यावर पहिली ते नववीच्या टप्प्यात परदेशी अभ्यासक्रम आणि परदेशी मालकी यांवर निर्बंध आले. त्यामुळे द्विभाषिक शाळांत परदेशी शिक्षकांच्या जागा आक्रसल्या. पहिल्या प्रकारच्या शाळा परदेशी कुटुंबांच्या संख्येवर चालतात आणि तीही पूर्वीसारखी राहिलेली नाही. तुलनेने भक्कम आहे तो उच्च माध्यमिक टप्पा. परदेशी विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना तेथे शिकवावे लागते आणि त्यांचे पालक त्यासाठी पैसे मोजतात.

विद्यापीठांचे गणित वेगळे आहे. सरकारी विद्यापीठात वेतन कमी, अनेकदा शिकवणी केंद्राच्या निम्मेच. मात्र घर मिळते, तासिका थोड्या आणि सुट्ट्या दीर्घ असतात. संभाषणाचे तास घेणारा परदेशी शिक्षक सहसा बढतीच्या साखळीबाहेरच राहतो. याला अपवाद संयुक्त विद्यापीठांचा. २००४ मध्ये निंगबो येथे सुरू झालेले नॉटिंगहॅम विद्यापीठाचे संकुल, सुझोऊ येथील २००६ चे शियान जियाओतोंग-लिव्हरपूल विद्यापीठ, शांघायचे न्यूयॉर्क विद्यापीठ आणि कुनशानचे ड्यूक विद्यापीठ येथे शैक्षणिक इंग्रजी शिकविणाऱ्यांसाठी रीतसर विभाग किंवा केंद्रे आहेत. त्यासाठी भाषाशिक्षणातील पदव्युत्तर पदवी जवळपास अनिवार्य असून डॉक्टरेट असेल तर उत्तम.

येथेही अनिश्चितता संपत नाही. अमेरिकी लेखक पीटर हेस्लर १९९६ मध्ये ‘पीस कोअर’चे स्वयंसेवक म्हणून यांगत्से नदीकाठच्या फूलिंगमध्ये इंग्रजी शिकवायला आले आणि त्या अनुभवांवरील त्यांचे ‘रिव्हर टाउन’ २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. चीनविषयी लिहिणाऱ्या आजच्या अग्रगण्य लेखकांत त्यांची गणना होते. २०१९ मध्ये ते सिचुआन विद्यापीठाशी संलग्न संस्थेत शिकविण्यासाठी सहकुटुंब परतले. २०२१ मध्ये त्यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. ‘पीस कोअर’चा १९९३ पासूनचा चीनमधील कार्यक्रमही २०२० मध्ये संपुष्टात आला होता.

स्वतःची शिकवणी सुरू करण्याचे स्वप्न अनेक जण पाहत. परदेशी व्यक्तीला ते आधीही सोपे नव्हते, म्हणून बहुधा ते चिनी जोडीदाराच्या नावावर साकार होई. २०२१ नंतर शालेय वयाच्या मुलांपुरती ती वाट जवळपास बंद झाली आहे.

भारतीयांसाठी

भारतात इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या, उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांना चीनमधील या नोकऱ्यांच्या जाहिराती समाजमाध्यमांतून दिसत असतात. इंग्रजी भाषेचा शिक्षक म्हणून भारतीय पारपत्रावर कायदेशीर कार्यपरवाना मिळण्याची शक्यता वरील अटींमुळे अत्यल्प आहे. भारतीय वंशाच्या ब्रिटिश किंवा अमेरिकी नागरिकांना नियमांचा अडसर नाही. मात्र गोऱ्या चेहऱ्याला पसंती देण्याची काही संस्थांची प्रवृत्ती त्यांनाही अनुभवावी लागते. भारतीय नागरिकांसाठी वास्तवातील संधी आहे ती गणित, भौतिकशास्त्र, संगणक यांसारख्या विषयांच्या शिक्षकांना. त्यांना मातृभाषेची अट लागू होत नाही. संबंधित विषयाची पदवी, बी.एड. आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शिकविल्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव असेल, तर आंतरराष्ट्रीय शाळा त्यांचा विचार करतात.

‘आधी व्यवसाय व्हिसावर किंवा विद्यार्थी व्हिसावर या, परवान्याचे नंतर पाहू’ असे सांगणाऱ्या दलालापासून सावध राहिले पाहिजे. नोकरीसाठी ‘झेड’ प्रकारचाच व्हिसा लागतो आणि त्यासाठीचे कार्यपरवान्याचे सूचनापत्र चीनमधील संस्थेने अर्जदाराच्या प्रवासापूर्वी मिळवायचे असते. देशात पोहोचल्यावर ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. १ जुलै २०१३ पासून अमलात असलेल्या कायद्यानुसार बेकायदा काम करणाऱ्या परदेशी नागरिकाला ५ हजार ते २० हजार युआन दंड होतो. प्रकरण गंभीर असल्यास ५ ते १५ दिवसांची स्थानबद्धता आणि देशातून हकालपट्टीही होऊ शकते. संस्थेला होणारा दंड दर व्यक्तीमागे १० हजार युआन असून त्याची कमाल मर्यादा एक लाख आहे.